मधली साडेसहा मिनिटं

गेल्या वर्षापासून माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी तपासलं, वयाचा कंप आहे म्हणाले, काळजीचं कारण नाही. काळजी मला नव्हतीच, राग होता. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून भागतं. बीकर दोन्ही हातांनी तिरपा करून जेलची लिप बघता येत नाही. हात हलला की जेल हलतं, आणि हललेल्या जेलवर माझा विश्वास नाही.

तेलाच्या किंवा वायूच्या विहिरीत तळाशी दाब देऊन खडकाला चीर पाडायची आणि ती मिटू नये म्हणून तिच्यात वाळू नाहीतर सिरॅमिकचे बारीक गोळे नेऊन ठेवायचे, एवढ्यासाठी पाणी दाट करावं लागतं. ते दाट करणं हे माझं काम. करायचं नवी मुंबईच्या प्रयोगशाळेत, आणि निस्तरायचं कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, कोनसीमेतल्या नारळीच्या बागांमागे उभ्या असलेल्या रिगवर. तिथल्या कितीतरी विहिरींच्या तळाशी तापमान 150 अंशांच्या वर असतं. गवारीच्या बियांपासून काढलेला डिंक हा या धंद्याचा जुना आधार. हजार गॅलनला 40 पौंड, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का पूड पाण्यात भिजवली आणि क्रॉसलिंकर, म्हणजे रेणूंना एकमेकांशी गाठीत बांधणारं रसायन, घातला, की त्याच पाण्याचं जेल होतं आणि त्यावर वाळू तरंगत राहते.

लिप बघणं आमच्यातल्या कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बीकर हळू कलंडला की चांगलं जेल काठाबाहेर येतं, लोंबतं, तुटत नाही, आणि बीकर सरळ केला की मुकाट्याने आत जातं. किती लोंबलं, परत जाताना काठाला चिकटलं की स्वच्छ गेलं, अंग गुळगुळीत होतं की गुठळ्यांचं, एवढ्यावरून मी सांगायचे: झिरकोनियम जास्त झालंय. पीएच अर्ध्याने चढव. आज पाणी कुठून आणलं? आई दोन बोटांत पाकाची तार बघायची आणि थर्मामीटर लावणाऱ्यांना हसायची. माझाही तोरा तोच. दाटपणा मोजणाऱ्या रिओमीटरचा आलेख यायला दोन तास लागायचे, माझं उत्तर आधीच तयार असायचं. आलेख माझ्या बाजूने आला की मी तो लगेच फाइलला लावत नसे. टेबलावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा, दिवसभर पडू देत असे.

पण मला छळणारी अडचण लिपची नाहीच. ती आहे मधल्या साडेसहा मिनिटांची.

हिशोब सोपा आहे. साडेतीन इंची ट्यूबिंगमधून 4,500 मीटर खाली जायचं, मिनिटाला 20 बॅरल पंपिंग चालू आहे, तर वरून निघालेला थेंब साधारण साडेसहा मिनिटांनी पर्फोरेशनपाशी, म्हणजे खडकाकडे उघडणाऱ्या भोकांपाशी, पोचतो. वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर. नळीच्या भिंतीपाशी शिअर, म्हणजे द्रवाचे थर एकमेकांवर घासण्याचा वेग, सेकंदाला 1,200 च्या आसपास. या प्रवासात जेलने पातळ राहावं, म्हणजे घर्षण कमी होतं आणि पंपांचा जीव वाचतो. पर्फोरेशनच्या तोंडाशी मात्र ते दाट झालेलं हवं, नाहीतर वाळू तिथेच बसते, दाब आभाळाला भिडतो आणि जॉब गुंडाळावा लागतो. म्हणून गाठी बसायला उशीर करायचा. किती उशीर? तिथेच सगळं अडतं.

बोरेट आणि झिरकोनियम हे आमचे दोन क्रॉसलिंकर. बोरेटच्या गाठींचं एक बरं असतं. शिअरमध्ये सुटतात, शांत झालं की पुन्हा बसतात. उष्णतेत मात्र त्या फार वर जात नाहीत. झिरकोनियमच्या गाठी उष्णतेला टिकतात, पण एकदा तुटली ती तुटली. ती नळीत लवकर बसली तर 1,200 च्या शिअरमध्ये तिचे तुकडे होतात आणि खाली पोचतं ते महागडं पाणी. म्हणून झिरकोनियमला लिगँडच्या, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या रेणूच्या, मुठीत बांधून पाठवायचं. एका लिगँडची मूठ लवकर उघडते, दुसऱ्याची उशिरा. उघडतं कोण? बहुतेक वेळा उष्णता. आणि नेमकी इथेच विहीर आपल्याला फसवते.

जॉब सुरू होताना नळी गरम असते. पहिला बॅरल खाली जाताना तापत जातो. पण तासभर थंड पाणी ढकलत राहिलं की नळी निवते, आजूबाजूचा खडकही निवतो. सुरुवातीला 70 अंशांवर पोचणारा द्रव शेवटीशेवटी 40 वर पोचतो. साडेसहा मिनिटं तीच, उष्णता ती नाही. पहिल्या बॅरलसाठी बांधलेला उशीर शेवटच्या बॅरलला फार लांब पडतो, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त वाळू असते ती त्या शेवटच्या बॅरलांत. खडकाचं तापमान 170 अंश आहे म्हणून सगळे जेलला 170 वर तपासतात. ते तपासायलाच हवं. चीर मिटेपर्यंत जेलला तिथेच राहायचं असतं. पण जेल अनेकदा मरतं ते 170 ला नाही, 40 ला.

जोवर रसायन गवारीचं होतं तोवर यावर तोडगा होता. कार्बॉक्सीमिथाइल हायड्रॉक्सीप्रॉपिल गवार घ्यायचं आणि दोन क्रॉसलिंकर जोडीने द्यायचे. बोरेट साखरेच्या शेजारशेजारच्या हायड्रॉक्सिलना धरतं, झिरकोनियम मुख्यतः कार्बॉक्सिलला. तळाच्या तोंडाशी बोरेट सांभाळतं, आत खडकात ते ढिलं पडेपर्यंत झिरकोनियम जागा घेतं. या जोडीवर माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

पण गवारीचा रेणू उष्णतेत किती तग धरणार? सोडियम थायोसल्फेट घालून पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकला, तरी 175-180 अंशांच्या पुढे त्याचा कणाच तुटायला लागतो. मग कृत्रिम पॉलिमरकडे जावं लागतं: अॅक्रिलअमाइड, थोडं अॅक्रिलिक आम्ल, आणि उष्णतेत न बधणारं एएमपीएस. हा रेणू 200 च्या पुढेही उभा राहतो. पण त्याला शेजारशेजारचे हायड्रॉक्सिल नाहीत. म्हणजे बोरेटला धरायला जागाच नाही. माझा जुना जोडीदार गेला. वर अॅक्रिलअमाइडची खोड अशी, की उष्णतेत त्याचं हळूहळू कार्बॉक्सिल होत जातं. झिरकोनियमला नव्या नव्या जागा मिळत जातात, गाठी वाढतात, आणि शेवटी जेल आक्रसून स्वतःतलं पाणी बाहेर टाकतं. एएमपीएस वाढवलं तर हे कमी होतं, पण गाठी बसायच्या जागाही कमी होतात. एकीकडे ओढावं तर दुसरीकडे उघडं पडतं.

याबद्दल बाजारात जे बोललं जातं ते ऐकून माझं डोकं फिरतं. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: 200 अंश, दोन तास. आलेखही असतो, सरळ आडवा. तो काढताना जेलला आधी शिअर दिला होता का, हे विचारलं की समोरचा माणूस चहा मागवतो. रिओमीटरच्या कपात 400 पीएसआय नायट्रोजनखाली, सेकंदाला 100 च्या शिअरवर बसवलेलं जेल नळीतून कधी गेलेलंच नसतं. आधी पाच मिनिटं 1,350 चा शिअर द्या आणि मग दाखवा. शिवाय आलेखही सोवळा नसतो. फार ताणदार जेल कपातल्या बॉबच्या, म्हणजे मोजणाऱ्या लोलकाच्या, दांड्यावर चढतं, फटीतलं कमी होतं, आकडा घसरतो, आणि बिचाऱ्या जेलला लोक नापास करतात.

दुसरी जमात आहे स्लिकवॉटरवाल्यांची. 1997 साली टेक्ससच्या बार्नेट शेलमध्ये मिचेल एनर्जीने जेल जवळजवळ सोडून दिलं, घर्षण कमी करणारा चिमूटभर पॉलिमर आणि भरपूर पाणी वापरलं, आणि अमेरिकेतला वायू उसळला. त्यांचं शहाणपण मला मान्य आहे. पण त्यानंतर ज्याला त्याला वाटायला लागलं की जेल हे म्हाताऱ्यांचं काम आहे. 2012 साली गवारीनेच त्यात आणखी भर घातली. राजस्थानात गमचा भाव क्विंटलला लाखाच्या घरात गेला, मार्चमध्ये वायदे बंद करावे लागले, आणि अमेरिकेतल्या कंपन्यांनी ठरवलं की जोधपूरच्या पावसावर आपला धंदा टांगून ठेवायचा नाही. आमच्याकडे गवारीची भाजी निवडत बसणाऱ्या बायकांना तेव्हा मी अभिमानाने सांगत असे की हिच्या बीवर टेक्ससच्या विहिरी चालतात. तो अभिमान पुढे फार टिकला नाही. पण कृष्णा-गोदावरीच्या खोल, गरम वाळूच्या दगडात अजून जाड चीर हवी असते, वाळूऐवजी बॉक्साइटचे जड गोळे वाहून न्यायचे असतात, आणि तिथे नुसतं पाणी हे काम करत नाही. मिनिटाला 100 बॅरल ढकलायचे तर तेवढी रुंद नळी, तेवढे पंप आणि तेवढं पाणी आणायचं कुठून?

हे सगळं मी भांडणाच्या सुरात लिहितेय ते एका मुलामुळे. जळगावहून एमएस्सी करून आलेला आमचा हा मुलगा मला मॅडम म्हणतो आणि माझ्यासमोर फार बोलत नाही. हात थरथरायला लागल्यावर मी त्याला बीकर धरायला सांगितलं. तो धरायचा, मी बघायचे. पण दुसऱ्याच्या हातातली लिप मला वाचता येईना. तो बीकर फार सावकाश कलंडवायचा, किंवा परत घेताना मनगट वळवायचा. मी ओरडायचे. मग त्याने काय केलं, तर फोन स्टँडला लावून चित्रण घ्यायला लागला, आणि बीकर कलंडवायला एका जुन्या मोटरवर पट्टी बसवली. रोज तोच कोन, तोच वेग. मला वाटलं, ही तर माझ्या हाताची नक्कल. नंतर कळलं, त्याला लिपमध्ये रस नव्हताच. माझं समाधान व्हावं म्हणून तो ते करत होता. त्याचं खरं काम दुसऱ्या टेबलावर चाललं होतं. तिथे पातळ नळीच्या वेटोळ्यातून तो द्रव साडेसहा मिनिटं ढकलत होता, एकदा वेटोळं 70 अंशांच्या पाण्यात बुडवून आणि एकदा 40 च्या.

कृत्रिम पॉलिमरला त्याने दोन मुठींचं झिरकोनियम दिलं: थोडं लवकर सुटणारं, बाकीचं उशिरा सुटणारं. यात नवं काही नाही, जुनी पेटंटं अशा मिश्रणांनी भरलेली आहेत, हे मी त्याला लगेच सांगितलं, गरजेपेक्षा जास्त आवाजात. नवं होतं ते प्रमाण. ते त्याने पहिल्या बॅरलच्या तापमानाला न बांधता शेवटच्या बॅरलच्या तापमानाला बांधलं होतं. सुरुवातीला जेल नळीत थोडं लवकर दाटतं, दाब थोडा वाढतो, तो सोसायचा. वाळू जड होते तेव्हा गाठ वेळेवर बसते. मी आलेख बघितला. शिअर दिलेला होता. बोट ठेवायला जागा नव्हती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलेली गोष्ट मला आवडलेली नाही. लिप मी बघत असे ती प्रयोगशाळेच्या तापमानाला, फार तर मायक्रोवेव्हमधून काढलेल्या कोमट बीकरमध्ये. माझ्या हाताला जे कळायचं ते जेलच्या आयुष्यातल्या अगदी वरच्या, काचेत दिसणाऱ्या भागाबद्दल कळायचं. नळीतल्या साडेसहा मिनिटांचं त्याला कधी कळलंच नव्हतं, आणि 170 अंशांचं तर नाहीच. मी ते जाणून होते. तरी प्रेम होतं ते त्या काठावर लोंबणाऱ्या जिभेवर, कारण ती दाखवता यायची. पाहुणे आले की मॅनेजर त्यांना माझ्याकडे आणत, मी बीकर कलंडवत असे, जेल लोंबून परत जाई, पाहुणे हमखास उद्गार काढत. वाळूला तळापर्यंत नेणाऱ्या जेलचं कोणी कौतुक करत नाही, कारण ते कोणी बघत नाही.

आता रिपोर्टवर ‘केले’ या रकान्यात त्या मुलाचं नाव असतं आणि ‘तपासले’ या रकान्यात माझं. हा फरक वाचणारे फार लोक नाहीत. मी वाचते.

पुढच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना या आठवड्यात आला. बायकार्बोनेट भरपूर आहे, आणि ते झिरकोनियमला अडवून धरतं. त्याचं म्हणणं, लवकर सुटणाऱ्या मुठीचा वाटा वाढवू, काम होईल. माझं म्हणणं, आधी आम्ल घालून बायकार्बोनेट मोडून काढ, वायू निघून जाऊ दे, मग पीएच वर ने, आणि झिरकोनियमला हात लावू नकोस. वाढवलेलं झिरकोनियम उष्णतेत उद्या जेलला पिळून पाणी बाहेर काढेल. त्याने वाद घातला नाही. दोन्ही मिश्रणं करून दोन्ही रिओमीटरवर लावतो म्हणाला, आधी स्वतःचं. प्रयोगशाळेत जेल फुटलं तर कोणाचं काही जात नाही, विहिरीला अजून अवकाश आहे, अशी मी मनाची समजूत घातली आहे. म्हणून हे लिहायला हरकत नाही: त्याचं जेल फुटावं, आणि ते मी समोर बसून बघावं, असं मला फार वाटतंय.