वाट चुकलेली वीज

समुद्राकाठी राहणाऱ्या आपल्याला गंज काही नवा नाही. खिडकीचे गज, पत्र्याचे खिळे, सायकलची चेन, सगळं तो सावकाश खातो. पण त्याला विजेची साथ मिळाली की वर्षांचं काम महिन्यांत उरकतं. बारावीच्या वर्गात हे मी कित्येक वर्षं फळ्यावर शिकवलं. प्रत्यक्ष पाहिलं ते निवृत्तीनंतर, मांडवीत नांगरलेल्या एका शिडाच्या होडीवर.

होडी माझ्याच जुन्या विद्यार्थ्याची. त्याच्या चमूबरोबर माझी मुलगी मालवणला जाणार होती, म्हणून आधी मी होडी पाहून आले. डोलकाठी ॲल्युमिनियमची. तिला ताणून धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या तारा काठावरच्या जाड पट्ट्यांना अडकवलेल्या. या पट्ट्या म्हणजे चेनप्लेट. त्यातल्या एकीच्या मुळाशी तपकिरी ओघळ आणि बारीक खड्डे दिसले. "बाई, पॉलिश मारलं की जाईल," तो म्हणाला. पण पट्टी आदल्याच वर्षी बसवलेली होती. मला ते पटेना.

मीटर मागवला. एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला, दुसरं डोलकाठीला. आकडा शून्य. मग डोलकाठीच्या शेंड्यावरचा, नांगर टाकल्यावर रात्रभर जळणारा दिवा लावला. आकडा अकराच्या वर गेला! बॅटरी 12 व्होल्टची. दिव्याची वायर डोलकाठीच्या बुडाशी घासून उघडी पडली होती. तिथून वीज डोलकाठीत, तारेतून चेनप्लेटमध्ये आणि खाली झिरपलेल्या खाऱ्या पाण्यातून इंजिनाकडे, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला परत जात होती. धातूतून पाण्यात वीज जिथे उतरते, तिथे धातू विरघळतो. गळती इतकी बारीक, की फ्यूज उडत नाही आणि दिवाही नीट जळत राहतो.

फॅरडेच्या नियमाने हिशेब सोपा आहे. 1 अँपिअर प्रवाह वर्षभर असा वाहिला, तर सुमारे 9 किलो लोखंड जातं. 50 मिलिअँपिअरला अर्धा किलोच्या आसपास. चेनप्लेट तुटायला तर एवढंही लागत नाही.

"पण बाई, खाली जस्त लावलंय की!" जस्ताची युक्ती जुनी, हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये ब्रिटिश जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी सुचवलेली. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात जोडले गेले, की जस्त आधी झिजतं आणि दुसऱ्याला वाचवतं. मात्र पाण्याखालचं जस्त काठावरच्या चेनप्लेटला वाचवू शकत नाही. बॅटरीची वाट चुकलेली वीज थांबवायची, तर ती वाटच बंद करावी लागते.

डोलकाठी पडणं म्हणजे काय, हे गोव्याला ठाऊक आहे. इथेच बांधलेल्या 'थुरिया'ची डोलकाठी 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरात मोडली आणि अभिलाष टॉमी जखमी होऊन सुटकेची वाट पाहत पडून राहिले. तिथे कारण वादळ होतं. इथे एक उघडी वायर पुरली असती.

वायर बदलली, नवी चेनप्लेट आली, तिच्याखालची गळती बुजवली. तोवर मालवणचा बेत महिनाभर पुढे गेला आणि मुलगी आठवडाभर माझ्यावर रुसली. रुसू दे म्हटलं.

तुमच्यापैकी कुणाची होडी असेल, तर नारळी पौर्णिमेनंतर ती पाण्यात उतरवण्याआधी एकेक दिवा लावून डोलकाठीला मीटर लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि तपकिरी ओघळ दिसला, तर पुसण्याआधी तो कुठून आला ते शोधा.