फल्लीदाण्याचा कूट

गेल्या महिन्यात आमच्याकडे, वाशिमला, नातीचं उष्टावण झालं. मामाच्या मांडीवर बसून तिने चांदीच्या वाटीतली खीर चाटली, तोंड वाकडं केलं, आणि सगळे हसले. मी मात्र हसत हसत तिच्या गालावरच्या लाल चट्ट्याकडे बघत होते. तसाच एक चट्टा कोपराच्या घडीत. आणि माझ्या डोक्यात २००९ चा मे महिना.

त्या वर्षी माझी ताई न्यू जर्सीहून माहेरी आली होती. तिचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. त्याला शेंगदाण्याची ऍलर्जी. आमच्याकडे फल्लीदाणे म्हणतात. वाशिमच्या घरात मे महिन्यात फल्ली नाही असं होतं का हो? उन्हाळी भुईमूग निघालेला, अंगणात शेंगा वाळत घातलेल्या, भाजीत कूट, उपासाला कूट, भाकरीसोबत चटणी. ताईने आल्याबरोबर पर्समधलं इंजेक्शन काढून आईला दाखवलं. "चुकून खाल्लं तर हे मांडीत टोचायचं आणि दवाखान्यात पळायचं."

आई बघतच राहिली. "अवं, फल्ली कशी काय बाधते लेकराले? आपल्या वावरात तर लेकरं फल्लीतच वाढले!"

पण त्याच संध्याकाळी तिने अंगण झाडून काढलं, शेंगांची पोती काकांकडे पाठवली आणि कुटाचा डबा धुऊन पालथा घातला. महिनाभर आम्ही बिनकुटाची भाजी खाल्ली.

ताईने काही हयगय केली होती असं नाही. उलट तिच्याइतकी काटेकोर आई मी पाहिली नाही. आमच्या भावोजींना लहानपणापासून दमा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सांगितलं होतं की, घरात ऍलर्जीचा इतिहास असेल तर बाळाला गाईचं दूध वर्षापर्यंत, अंडं दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे, सुकामेवा, मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत. ताईने तो कागद फ्रिजवर लावला होता. तिसरा वाढदिवस झाला, तिने बोटाच्या टोकाएवढं पीनट बटर दिलं, आणि पाचव्या मिनिटाला पोराचे ओठ सुजले.

मग २००८ मध्ये त्याच संघटनेने म्हटलं की, उशिरा दिल्याने ऍलर्जी टळते याला भक्कम पुरावा नाही. त्याच वर्षी लंडनच्या डॉ. गिडियन लॅक यांच्या गटाने एक तुलना छापली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ऍलर्जी इस्रायलमधल्या मुलांपेक्षा सुमारे दहापट जास्त होती. इस्रायलमधली बाळं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ खातात, आणि ब्रिटनमधल्या बाळांना तो टाळायला सांगितलेलं!

यावर त्यांनी रीतसर प्रयोग केला. तीव्र इसब किंवा अंड्याची ऍलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेतली. अर्ध्यांना आठवड्यातून तीनदा तरी शेंगदाणा, अर्ध्यांना पूर्ण बंद. २०१५ साली निकाल आला. पाच वर्षांची झाल्यावर टाळणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना ऍलर्जी, खाणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांना. कारण असं मांडतात की, इसबाने फुटलेल्या कातडीतून अन्नाचे कण आधी शिरले तर शरीर त्यांना शत्रू समजतं. पोटातून आधी गेले तर ओळखीचे होतात.

हे सगळं वाचून आई बरोबर होती असं म्हणायचा मोह होतो. पण तसंही नाही. हीच आई उष्टावणाच्या दिवशी बोटावर मध घेऊन पुढे आली होती, आणि मला तिचा हात धरावा लागला. वर्षाच्या आत मध नाही. त्यातून बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. पणजीबाई रुसल्या. असो.

उष्टावणाच्या दुसऱ्याच दिवशी नातीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चट्टे नीट पाहिले. "हे सौम्य आहे. इसब फार तीव्र असतं, किंवा अंडं बाधलं असतं, तर आधी तपासणी केली असती. हिला घरीच द्या." कसं द्यायचं तेही सांगितलं. अख्खा दाणा अजिबात नाही, पाच वर्षांची होईपर्यंत तरी, कारण तो श्वासनलिकेत अडकतो. अगदी बारीक वाटून, पेजेत पातळ करून. बाळ बरं असताना, दिवसाउजेडी, आधी चमच्याच्या टोकावर, मग थोडं थांबून बाकीचं. पित्त उठलं, ओठ सुजले, उलट्या झाल्या किंवा श्वास लागला तर तडक दवाखाना. आणि पचलं तर सोडायचं नाही, आठवड्यातून दोन-तीनदा देत राहायचं. अंगावरचं दूध चालूच.

घरी येऊन मी दाणे भाजले, वाटले, आणि वाटी हातात घेऊन बसून राहिले. हात पुढे जाईना. शेवटी ताईला फोन लावला. तिच्याकडे रात्र होती.

सगळं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी तीन वर्षं कॅलेंडर बघत बसले गं. सांगितलं तेच केलं."

काय बोलणार? तिने लवकर दिलं असतं तर त्याला झालीच नसती असं एका मुलाबद्दल कोण छातीठोक सांगेल? त्या प्रयोगातही खाणाऱ्या काहींना झालीच. मी एवढंच म्हटलं, "ताई, तेव्हा डॉक्टरांनाही तेवढंच माहीत होतं."

"हो," ती म्हणाली. "फोन ठेवू नकोस. चालू ठेव आणि दे तिला."

मी फोन वाटीशेजारी ठेवला. नातीने चमचा चाटला. दहा मिनिटं आम्ही तिघी काहीच बोललो नाही. नात तेवढी पाय झाडत होती. मग उरलेले चमचे दिले. ताई पलीकडून दर थोड्या वेळाने विचारत होती, "ओठ बघ. पोट बघ. अंगावर काही?"

काही नाही. तासाभराने नात झोपली, तेव्हा ताईने फोन ठेवला. तिच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती.