तेल कुठे घालू नये

दुरुस्तीसाठी माझ्याकडे येणाऱ्या स्क्रोल सॉंना बहुतेकदा तेल भरपूर मिळालेलं असतं. फक्त ते भलतीकडेच मिळालेलं असतं. पात्याच्या पकडीवर, स्विचच्या आसपास, टेबलाच्या भोकात, जिथे बाटलीची नळी पोचली तिथे. त्यावर भुसा बसतो, एमडीएफची पिठासारखी धूळ बसते, आणि दोन्हींचा जो काळा लगदा होतो तो वंगणाचं नव्हे, पॉलिश पेपरचं काम करतो.

यंत्र तसं साधं. एक हात टेबलाच्या वर, एक खाली, मध्ये ताणलेलं पाच इंची नाजूक पातं. मोटर दोन्ही हात मिळून हलवते आणि पातं जेमतेम पाऊण इंच वर-खाली होतं. पण मिनिटाला हजाराच्या वेगाने चालवलं तर तासाला 60,000 वेळा. पन्नास तासांत 30 लाख.

एवढा सगळा मार पडतो तो हात ज्या पिनेवर झुलतात तिथल्या बुशांवर. पंख्याचं बेअरिंग गोल फिरतं, त्यामुळे तेलाचा थर आपोआप सगळीकडे पसरतो. इथे हात तीनेक अंश जातो, थांबतो, उलटा फिरतो. दर थांब्याला तेलाचा थर तुटतो आणि धातूला धातू लागतो. झीजही गोलभर होत नाही, एकाच पट्ट्यात होते. म्हणून आवाज वाढेपर्यंत वाट पाहू नका. प्लग काढा, पात्याचा ताण सोडा, वरचा हात टोकाशी धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. बारीकसं ‘टक’ बोटांना जाणवलं, तर बुश गेलेलं आहे. आता तेल घालून उपयोग नाही, ते बदलावंच लागेल.

पुष्कळ यंत्रांत हे बुश काशाची पूड दाबून, भाजून केलेलं असतं. त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि त्यांत तेल मुरलेलं असतं. यंत्र तापलं की ते बाहेर येतं, थंड झालं की परत आत शोषलं जातं. अशा बुशाला ग्रीस लावणं म्हणजे ती छिद्रं लिंपून टाकणं. त्याला तेलच हवं, आणि ते मुरायला वेळ हवा. अनेक माहितीपुस्तिका पहिल्या दहा तासांनंतर आणि पुढे दर पन्नास तासांनी एसएई 20 तेल द्यायला सांगतात. पद्धतही सांगतात, पण ती कुणी वाचत नाही: यंत्र कुशीवर आडवं करा, पिनेवरचं झाकण काढा, पिनेच्या कडेने सढळ हाताने तेल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या रात्री दुसरी कूस. दोन थेंब टाकून लगेच बटण दाबलं तर ते तेल भिंतीवर जातं.

एसएई 20 गावातल्या दुकानात मिळत नाही ही तक्रार नेहमीची. 68 नंबरचं हायड्रॉलिक ऑइल मागा; जाडी साधारण तीच. शिलाई मशीनचं तेल चालून जातं, पण पातळ असल्याने लवकर ओघळतं. खोबरेल मात्र नको. चोवीस-पंचवीस अंशांखाली ते थिजतं, आणि पुण्या-नाशकाच्या डिसेंबरात ते बुशातच थिजेल. डब्ल्यूडी-40 चा फवारा गंजलेला स्क्रू सोडवायला उत्तम. बुशावर मारलात तर आतलं चांगलं तेल धुऊन नेतो. काही यंत्रांत बुशाऐवजी दोन्ही बाजूंनी बंद बेअरिंग असतात. त्यांचं ग्रीस आतच असतं. बाहेरून काहीही घालू नका.

पातं सटकण्याचा दोषही बहुधा तेलाचाच. नवीन पात्याला गंजू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. तेच पातं पकडीत घातलं की चालू कामात ‘ठप्प’ करून निसटतं, आणि माणूस स्क्रू आणखी आवळतो. शेवटी स्क्रूचे आटे जातात. पात्याची दोन्ही टोकं स्पिरिटच्या फडक्याने पुसा. पकडीच्या स्क्रूचं टोक आरशासारखं गुळगुळीत झालं असेल, तर दीडशे नंबरच्या पॉलिश पेपरवर दोनदा घासा. काम संपलं की ताण सोडायचा, हेही सवयीचं करा.

टेबल बिडाचं असेल, तर पावसाळ्यात त्याला तेल नको, मेण लावा. तेल लाकडाला लागून पुढे पॉलिश धरत नाही. सिलिकॉनचा स्प्रेही त्याच कारणासाठी वर्ज्य. खंडेनवमीला यंत्राची पूजा जरूर करा, पण हळदकुंकवाचं ओलं बोट त्या बिडावर टेकवू नका. दिवाळीपर्यंत तिथे गंजाचा ठिपका हमखास येतो.

नवं यंत्र घ्यायला जाल तेव्हा वेग आणि वॉट विचारण्याआधी एकच विचारा: हाताच्या सांध्यात बुश आहे की बंद बेअरिंग, आणि त्याचे सुटे भाग मिळतात का? दुकानदाराला सांगता आलं नाही, तर दुसरं दुकान बघा.