लाली दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका



घरातले माणूस अंथरुणाला खिळले की त्याचे औषधपाणी आपण वेळेवर करतो. पण त्याच्या कंबरेकडे, टाचांकडे पाहायचे राहून जाते. एकाच अंगावर पडून राहिल्याने हाडावरची कातडी दाबली जाते, तिथे रक्त पोचत नाही आणि आतले मांस मरू लागते. यालाच बेडसोर म्हणतात. कातडी फुटेपर्यंत आत बरेच नुकसान होऊन गेलेले असू शकते.

आमच्या दिघोरीत माझ्या मावशीला लकवा झाला. दवाखान्यातून सुटी देताना एक छापील कागद मिळाला. कातडी लाल दिसल्यास त्वरित कळवावे, एवढेच त्यात होते. मावशीची सारी हयात धानाच्या बांधीत रोवणी करण्यात गेलेली, रंग काळा. लाल काही दिसेना. एके दिवशी अंग पुसताना तिची सून मला म्हणाली, "भाऊजी, या टाचेवर हात ठेवून पाहा. दुसरीपेक्षा गरम आहे, अन् कडक लागते." खिडकी उघडून पाहिले तेव्हा तिथे किंचित जांभळट छटा दिसली. लगेच पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी केली आणि नर्सबाईंना बोलावले. कातडी फुटली नाही.

या सुनेने जे हाताने ओळखले, ते कागदात का नव्हते? गोऱ्या कातडीवर लाल डाग उठतो. तो बोटाने दाबूनही पांढरा पडला नाही, तर ती जखमेची पहिली पायरी. काळ्या कातडीवर ही लाली आणि हा पांढरेपणा दिसेलच असे नाही. अमेरिकेत या जखमांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने १९९८ साली पहिल्या पायरीची व्याख्या बदलली आणि गरम-थंड, कडक-मऊ, दुखणे, खाज ही लक्षणे तिच्यात घातली. सावळ्या रंगावर निळसर, जांभळट छटा येऊ शकते, हेही नोंदवले. तरीही केवळ लालीवर बोट ठेवणारे कागद आपल्या हाती पडतात. काळा रंग हा दोष नव्हे. सूचना अपुरी आहे. आणि तिची किंमत कष्टकऱ्यांच्या घरांना मोजावी लागते.

म्हणून रोज अंग पुसताना माकडहाड, कुल्ले, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची हाडे आणि डोक्याची मागची बाजू पाहा. दिवसाच्या उजेडात पाहा. हाताच्या पाठीने स्पर्श करा, शेजारच्या व दुसऱ्या बाजूच्या कातडीशी ताडून पाहा. दुखते का, खाजते का, हे रोग्यालाच विचारा. साधारण दर दोन तासांनी कूस बदला. ओढू नका, उचलून सरकवा. अंथरूण कोरडे ठेवा. संशयाच्या जागी चोळू नका, रबरी कडेही ठेवू नका. फरक जाणवला तर "लाल नाही" या उत्तरावर परत येऊ नका; हात लावून पाहा, असा आग्रह धरा.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय अवश्य घ्या, आशाताईंनाही बोलवा. ज्या घरी कोणी अंथरुणावर असेल, तिथे हे वाचून दाखवा.