आक्कास, केदारकंठ्याहून

सांकरी,
भोगीची आदली रात्र

ती. आक्का,

पंजाब मेल, दिल्ली, देहरादून हा क्रम तुला माझ्याहून अधिक पाठ आहे, तेव्हा त्याचा पाढा वाचीत नाही. मसुरी धुक्यात होती, एवढ्यात मसुरीचे वर्णन आटोपले. पुढे पुरोला, मोरी करीत टोन्स नदीच्या काठाने दिवसभर मोटारीत जी हाडे खिळखिळी झाली, त्यांनी आपली फिर्याद अद्याप मागे घेतलेली नाही. कळसूबाईचा माथा ५,४०० फूट, आणि हे सांकरी गावच ६,००० फुटांच्या वर. म्हणजे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिखराहून उंच जागी मी आज निजणार आहे, आणि चढणीला तर अजून प्रारंभही व्हावयाचा आहे!

वाटेत एका नाक्यावर परवान्यासाठी खोळंबा झाला. तेथील कारकून शेगडी दोन पायांमध्ये घेऊन बसला होता, आणि त्या आसनावरून तिळमात्रही न ढळता त्याने माझे ओळखपत्र, त्याची नक्कल व डॉक्टरांचा दाखला असे सर्व दस्तऐवज उलटसुलट करून पाहिले, दाखल्यावरचा शिक्का पुसट असल्याचा शेरा मारला, आणि "उमर?" एवढाच शब्द टेबलाकडे पाहून उच्चारला. अठ्ठावन्न म्हणताच मान प्रथमच वर झाली. "इस उमर में बर्फ में क्या रखा है?" नोंदवहीत या प्रश्नासाठी रकाना असेल असे मला वाटत नाही. चोख उत्तर सुचले, पण तोवर मोटार पाच-सहा वळणे पुढे आली होती.

रात्री मात्र पुरोल्याचा लाल भात मिळाला. दाणा जाडसर, चवीला किंचित गोड. त्यावर पातळ राजमा आणि घरचे तूप. तीनदा घेतला. चौथ्यांदा विचारले असते तर तोही घेतला असता, पण वाढणारी बाई तोपर्यंत चुलीपाशी पाय शेकीत बसली होती, आणि तिला उठवण्याचा मला धीर झाला नाही.

जुडा का तालाब,
भोगी

आक्का, बोटे चालत नाहीत म्हणून थोडक्यात लिहितो. तळे गोठले आहे. मंडळी त्यावर उभी राहून फोटो काढताहेत. आज आपल्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि ती घेवडा-वांगी-गाजर-हरभऱ्याची भाजी झाली असेल; इकडे ८० रुपयांची मॅगी, तीही ताटलीत पडेपर्यंत अर्धी निवलेली. तुझे तिळाचे लाडू थंडीने असे कठीण झाले आहेत की आमच्या वाटाड्याने एक दगडावर ठेचून सर्वांना वाटला.

पाण्याची बाटली येथे उलटी ठेवावयाची असते, कारण पाणी वरून गोठत येते आणि बूच मोकळे राहते. मोबाईल रात्री पांघरुणात घेऊन निजावे लागते. गारठ्याने बॅटरी बसते, आणि रेंज तर तशीही नाही. आपले आभाळ नैर्ऋत्येकडून भरून येते, इकडचे हिवाळ्यात पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले झंझावात या डोंगरांवर येऊन रिते होतात. त्यातलाच एक वाटेवर आहे म्हणतात. हे पत्र उतरणाऱ्या मंडळींबरोबर देहरादूनच्या टपालासाठी देत आहे.

वरचा तळ,
किंक्रांत, दुपार

किंक्रांतीला उंबरा ओलांडू नये, हे तू निघताना बजावले होतेस. तंबूला उंबरा नसतो, एवढाच माझा बचाव.

संक्रांतीला रात्रभर बर्फ पडले. पहाटे अंधारात निघालो तेव्हा गुडघाभर होते, पुढे मांडीपर्यंत आले. अशा बर्फात चालणे म्हणजे काय, हे सांगणे कठीण आहे: पाय उचलून ठेवावा, वरचा थर पोळीच्या पापुद्र्यासारखा क्षणभर वजन पेलल्याचे सोंग करतो, आणि तुम्ही विश्वासाने दुसरा पाय उचललात की पहिला खोल जातो. सर्वांत पुढचा मनुष्य वाट फोडतो, दमला की बाजूला होऊन शेवटी येतो. माझी पाळी आली तेव्हा वाटाड्याने ती परस्परच दुसऱ्याला दिली. त्या कारकुनाची मला तेव्हा आठवण झाली, आणि राग दोघांचाही आला. आपल्याकडचा कातळ अवघड असला तरी प्रामाणिक असतो. खोबण आहे की नाही ते बोटांना तत्काळ कळते, आणि मलंगगडावर दरी ओलांडण्यासाठी टाकलेल्या पाइपावरूनसुद्धा मनुष्य आपण कशावर पाय देत आहोत हे जाणून पलीकडे जातो. येथे पायाखाली खडक आहे, झुडूप आहे की नुसती पोकळी, याची जबानी द्यावयास कोणी हजर नसते.

रात्रभर झाडांनी अडवून धरलेला वारा झाडी संपताच अंगावर आला. बोलणे बंद झाले, मग विचार करणेही. बर्फाचे कण गालांवर आडवे बसत होते, आणि दर वावटळीला आम्ही काठ्या रोवून, पाठ फिरवून, ओणवे उभे राहत होतो. स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ ही शिखरे मध्येच उघडी पडली होती.

केदारकंठ्याचे शिखर १२,५०० फुटांवर. आम्ही थांबलो तेथून ते डोळ्यांसमोर होते, आणि अडचण अंतराची नव्हतीच. वाऱ्याने धारेची एक बाजू खरवडून नुसता दगड व काचेसारखे बर्फ उरवले होते, तेथे उभे राहणे अशक्य. आणि तिकडचे सगळे बर्फ उचलून त्याने दुसऱ्या बाजूच्या उतरणीवर नेऊन रचले होते. वाटाड्याने काठी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली. असा नवा साठा खालच्या जुन्या थराला धड चिकटलेला नसतो, आणि एका माणसाच्या वजनानेही समग्र उतार सुटू शकतो. तो एवढेच म्हणाला, "वापस."

आमच्यातला घोडबंदर रोडचा तरुण यावर हुज्जत घालू लागला, की पैसे शिखराचे भरले आहेत. वाटाड्याने ते शांतपणे ऐकून घेतले, स्वतःच्या बुटाची नाडी आवळली, आणि तो उतरू लागला. मी त्या तरुणाला सांगितले, की १७८० साली कॅप्टन अ‍ॅबिंग्टनने मलंगगडाची माची घेतली, पण बालेकिल्ला काही त्याला मिळाला नाही. माझे सांत्वन त्याला रुचले नाही. मला मात्र, खरे सांगतो, परतताना हलके वाटत होते. वारा पाठीवर होता आणि खाली कांद्याची भजी तळणार असल्याची वार्ता होती.

सांकरी,
दुसरे दिवशी, सायंकाळी

गरम पाण्याची बादली ५० रुपये, दोन घेतल्या. बुटांना लावावयाचे भाड्याचे काटे परत करताना दुकानदाराने एक साखळी तुटल्याबद्दल २०० रुपये कापून घेतले, त्यावर मी पाऊण तास वाद घातला आणि शंभरावर तडजोड केली. चढणीवर जो दम नव्हता तो तेथे कोठून आला कोण जाणे.

बारवी धरणाचे पाणी परत नियमित झाले का? टँकरवाल्याला माझ्यावाचून हिशेब चुकता करू नकोस. मेल कल्याणला सकाळी येते; स्टेशनवर कोणाला पाठवू नये, सामान फार नाही.

आईस साष्टांग नमस्कार.

तुझा धाकटा बंधू

ता. क. — डावा कान अजून थोडा बधिर आहे. दोन दिवसांत ठीक होईल म्हणतात, पण ही गोष्ट आईच्या कानावर घालू नकोस.