काटा मधात येऊ दे

माझं पोट मोटारसायकलींवर चालतं. पुण्यातल्या एका कारखान्यात मी इंजिनं तपासतो. ही विद्या अंगात मुरली ती कुरुंद्यात, वसमत रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या गॅरेजात. तिथल्या मिस्त्रींना सारं गाव चाचा म्हणायचं. त्यांचं ऋण फिटणारं नाही. ते उघडपणे सांगावं, एवढंच माझ्या हाती आहे.

कुरुंदा हे हळदीच्या पट्ट्यातलं गाव. विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे त्याचं नाव महाराष्ट्रभर पोचलं. आम्हा पोरांना मात्र ओढ होती चाचांच्या गॅरेजची. दूधवाल्यांच्या राजदूत, मास्तरांची येझदी, पाटलांची बुलेट, नोकरीवाल्यांची आरएक्स हंड्रेड, सगळ्या तिथे यायच्या. काम नसलं तरी माणसं येऊन बसायची. कोणाची गाडी ओढत नाही, कोणाची पेट्रोल पिते, यावर चहा संपेपर्यंत खल चालायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सकाळीच तिथे हजर असे. प्लग घासणं, रॉकेलमध्ये पार्ट धुणं, पाने नंबरवार लावणं ही माझी कामं.

जुनी बुलेट चालू करायला चाचांनी शिकवलं, ते अजून हातापायांत आहे. चावी फिरवून किक हळूहळू दाबायची आणि नजर ॲम्पिअरच्या काट्यावर ठेवायची. पॉइंट उघडले की काटा मधोमध येतो. पिस्टन माथ्यापाशी पोचल्याची ती खूण. मग डिकॉम्प्रेशनची तार ओढून किक किंचित पुढे न्यायची, तार सोडायची आणि मगच पूर्ण किक मारायची. घाई केली तर गाडी उलटी लाथ मारते. "बेटा, काटा मधात येऊ दे. जोर मंग लाव," चाचा म्हणायचे. परीक्षा असो की नोकरीतला पेच, हे वाक्य मला आजवर पुरलं.

एका वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर वडिलांच्या राजदूतचं इंजिन बसलं. घरात पैसा नव्हता. चाचांनी बोअर करून आणला, नवा पिस्टन टाकला आणि वडिलांना म्हणाले, "हळद विकली की द्या." त्या वर्षी हळदीला भाव नव्हता. चाचांनी पैशाचा विषय काढला नाही. उलट वडिलांना बजावलं, "पोराला शिकू द्या. याचा कान चांगला आहे." माझी पॉलिटेक्निकची वाट त्या एका वाक्याने मोकळी झाली.

पुढे कामानिमित्त लंडनला गेलो, तेव्हा एस कॅफे पाहायचं ठरवूनच गेलो होतो. नॉर्थ सर्क्युलर रोडवरचं हे हॉटेल 1938 साली सुरू झालं. महायुद्धात बॉम्बने पडलं, 1949 साली पुन्हा उभं राहिलं. ताशी 100 मैल गाठण्याच्या ध्यासाने झपाटलेली तरुण पोरं इथे जमत. हँडल खाली घेतलेल्या कॅफे रेसर गाड्यांचं हे माहेरघर. 1969 साली ते बंद पडलं, पण जुन्या मंडळींनी आठवण सोडली नाही. 1994 साली तिथे मेळावा भरला आणि 2001 साली हॉटेल पुन्हा उघडलं. आता जुन्या मोटारींचे शौकीनही तिथे जमतात.

मी गेलो त्या दिवशी अंगणात गाड्यांची रांग लागली होती. एक वृद्ध गृहस्थ आपली जुनी एनफिल्ड बुलेट चालू करत होते. त्यांनी किक हळू दाबली, काटा पाहिला, तार ओढली, सोडली आणि एकाच किकेत गाडी चालू केली. इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यात जन्मलेली बुलेट 1955 पासून मद्रासला बनू लागली. मूळ कारखाना बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. तो कारखाना तगला त्यामागे गावोगावच्या मिस्त्रींचे हात आहेत, हे मला तिथे उभ्या उभ्या लख्ख कळलं. एस कॅफेचं नाव जगभर झालं. चाचांच्या गॅरेजवर पाटीसुद्धा नव्हती, पण यंत्रावरची माया तीच होती.

2022 च्या जुलैत कुरुंद्यात पुराचं पाणी शिरलं. गाड्या बुडाल्या. थकलेले चाचा खुर्चीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होते, "स्टार्ट मारू नका." आत पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, मग ऑइल बदलायचं. त्यांच्या हाताखाली तयार झालेली पोरं गाडीमागून गाडी तशीच उघडत होती.

चाचांनी मला फी मागितली नाही, सर्टिफिकेट दिलं नाही. तरी माझे पहिले गुरू तेच. तुमच्याही गावात असा एखादा मिस्त्री असेल. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका, आणि सुट्टीत एखादं पोर त्याच्याकडे शिकायला धाडा.