शून्य क्लॅश

लाखनीला आमची धानाची शेती. रोवणीच्या दिवसांत बाबा धुरा फोडून वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत उतरवतात, हे लहानपणापासून पाहत आलोय. तरी नागपुरातल्या एका हॉस्पिटलच्या कामावर ढाळ मोडला तो मीच.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. नागपूर मेट्रोनं फाइव्ह-डी बिम, म्हणजे त्रिमितीला वेळ आणि खर्चही जोडणारं मॉडेल वापरलं, तेव्हापासून आमच्याकडे मॉडेलिंगच्या कामाला मान आलेला. कॉरिडॉरच्या छतातले डक्ट, चिल्ड वॉटरचे पाइप, स्प्रिंकलर, केबल ट्रे, ड्रेनेज कुठं एकमेकांत घुसतात ते नेव्हिसवर्क्स हे सॉफ्टवेअर दाखवायचं. यादीत असे 1,146 क्लॅश होते. मी पहिल्यापासून एकेक मिटवत गेलो. जे सोपं, ते सरकवायचं. तीन आठवड्यांत यादी शून्यावर आली.

त्यात 110 मिलिमीटरची एक ड्रेनेज लाइन शाफ्टजवळ डक्टला लागत होती. मी तिचं ते उताराकडचं टोक 90 मिलिमीटर वर उचललं. 12 मीटर लांबीला 1:100 नं 120 मिलिमीटर उतार हवा; उरला 30. क्लॅश मात्र मिटला.

साइटवर प्लंबरकाकांनी लेव्हल पाइप धरून पाहिला. ‘‘साहेब, मैला इथंच बसंल.’’ तोवर दोन मजल्यांचे हँगर लागले होते. मी दोन दिवस कुणालाच काही सांगितलं नाही. त्या दोन दिवसांत तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबलाही भोकं पडली. ढाळाची चूक अज्ञानातून झाली होती, ही भीतीतून.

शेवटी सीनियर मॅडमना सांगितलं. त्यांनी यादी उघडलीच नाही. सगळ्यांत खोल बीमखालचा सेक्शन कागदावर हातानं काढला आणि आधी ड्रेनेज बसवलं, कारण त्यातल्या पाण्याला ढकलायला पंप नसतो. मग डक्ट, तो सगळ्यांत मोठा म्हणून. पंपाच्या दाबावरचे पाइप वळवता येतात, केबल त्याहून सहज. नंतर एक डक्ट त्यांनी भिंतीकडे 150 मिलिमीटर सरकवला. त्या एका डक्टपायी मी स्प्रिंकलरचे 38 पाइप वेगवेगळे हलवले होते!

‘‘या व्हॉल्व्हपर्यंत हात कुठून जाणार?’’ त्यांनी विचारलं. समोरून केबल ट्रे गेला होता. दोन्ही एकमेकांना लागत नव्हते, म्हणून तिथं लाल खूण आलीच नव्हती.

आता नवं मॉडेल आलं की मी आधी प्रत्येक ड्रेनेज लाइनच्या दोन्ही टोकांच्या पातळ्या वहीत लिहितो. ड्रिल लागण्याआधी ती वही प्लंबरकाकांसमोर ठेवतो.